जमिनीवरून पाहिलेले मिकोला काका

मिकोला काका गेल्याची बातमी मला आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. मंगळवारची सकाळ होती, मी ऑफिसात मीटिंगला बसले होते. संक्रांतीला गूळपोळ्या कोण करणार यावर मेसेज चालले होते आणि त्यांच्या मधेच वैशाली काकूंची एक ओळ आली, 'मिकोला काका आज सकाळी गेले. कामावरच.' खाली जोडलेल्या हातांची आणि 'ॐ शांती'ची रांग लागली. त्या रांगेत कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं 'आमच्याकडून वीस पोळ्या' हेही येऊन पडलं. मी फोन पालथा ठेवला. माझा हात आपोआप डाव्या बरगडीवर गेला... चार महिन्यांपूर्वी त्यांच्याच लाथेनं ती मोडली होती. थंडीत ती जागा अजून ठणकते.

काका लाकडी जमिनी घासून पॉलिश करण्याचं काम करायचे. त्या दिवशी ते न्यू जर्सीतल्या आमच्याच वेस्ट विंडसरमध्ये, एका रिकाम्या नव्या घरात एकटे होते. ते कोसळले तेव्हा घासायचं यंत्र बंद करायला कुणी नव्हतं, म्हणून ते एकाच जागी फिरत राहिलं. ठेकेदार आला तोवर यंत्रानं जमिनीत ताटाएवढा खड्डा पाडला होता आणि त्याच्या शेजारी काका कुशीवर पडलेले होते. हे मला त्या ठेकेदारानंच फोनवर सांगितलं, रडत रडत. इथे जमिनी घासण्याआधी हा माणूस तीस वर्षं युक्रेनच्या दक्षिणेला, नदीकाठच्या एका शहरात नट आणि दिग्दर्शक होता. अमेरिकेत त्यांना एकच काम पुरं करायचं होतं. पाव्लो नावाचा आपला मित्र कसा मेला, हे त्याच्या मुलीला काहीही न वगळता सांगायचं होतं. ते त्यांनी सांगितलं. पण एक गोष्ट वगळून सांगितलं, आणि ती गोष्ट माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वैशाली काकूंच्या घरी. काकू मूळच्या पुण्याच्या, आमच्या मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या दिवाणखान्यात आमच्या विनोदी एकांकिकेची तालीम चालली होती आणि स्वयंपाकघरात एक माणूस गुडघ्यांना पट्टे बांधून जमीन पॉलिश करत होता. नाटकात बायको नवऱ्याच्या थोबाडीत मारते. बायको वैशाली काकू, नवरा समीर. समीर नागपूरचा, आयटीतला, अंगानं आडवा. काकूंनी चौथ्यांदा मारलं तेव्हा तो गाल चोळत म्हणाला, "काकू, हळू ना बे... सॉरी, बे नाही. पण हळू." मी कोपऱ्यात कागद घेऊन बसले होते. शाळा इंग्लिश मीडियमची आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरकते, म्हणून मला प्रॉम्प्टर केलं होतं. आतला माणूस उठून दारात येऊन उभा राहिला. बसकं, वाकडं नाक, समोरचे दोन दात नाहीत. मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "तुम्ही मारता खोटं आणि लागतं खरं. उलटं पाहिजे."

मग त्यांनी दाखवलं. काकूंचा हात समीरच्या गालापासून वीतभर लांबून गेला आणि त्याच क्षणी समीरनं स्वतःच्या छातीवर चापट मारून मान झटकली. आवाज असा आला की वरच्या खोलीतून काकूंचा मुलगा "मॉम, आर यू ओके?" असं ओरडला. काका म्हणाले, स्टेजवर मारणारा हा नोकर असतो आणि मार खाणारा मालक. मार खाणारा जमिनीवर किंवा मांडीवर हाताचा पंजा उघडतो, म्हणजे 'मी तयार आहे'. पंजा उघडल्याशिवाय मारणाऱ्यानं हलायचं नाही, मग समोर राजा बसलेला असो. त्या वर्षी आजूबाजूच्या मंडळांच्या स्पर्धेत आमच्या थोबाडीत मारण्याला बक्षीस मिळालं, नाटकाला नाही. तेव्हापासून ते आमचे मिकोला काका झाले.

ते ट्रेंटनच्या बाजूला एका खोलीत राहायचे, गाडी नव्हती. दर शनिवारी दुपारी त्यांना तालमीला आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण नाही म्हणायला मला जमलं नाही. ते मला 'सुफ्लेर' म्हणायचे, त्यांच्या भाषेत प्रॉम्प्टर. मी गप्प असायचे म्हणून ते बोलायचे. तरुणपणी त्यांना सगळ्या भूमिका खुन्यांच्याच मिळाल्या. एका संध्याकाळी त्यांनी स्टेजवर राणीचा गळा दाबला आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये एका म्हातारीनं त्यांना छत्रीनं बडवलं. हा आपल्याला मिळालेला सगळ्यात चांगला अभिप्राय, असं ते सांगायचे. नाक दोनदा मोडलं, दोन्ही वेळा प्रयोगात, आणि दोन्ही वेळा त्यांनी रक्त पुसत शेवटपर्यंत काम केलं. पुढे ते दिग्दर्शक झाले. त्यांच्या नाटकांत माणसं एकमेकांना फरफटत नेत, केस धरून आपटत, आणि प्रयोग संपल्यावर कुणाच्या अंगावर ओरखडा नसे. त्याचा त्यांना फार अभिमान होता. पाव्लो प्रकाशयोजना करायचा. दिवा नेमका त्या क्षणाला पडला नाही तर घाव खोटा दिसतो, आणि पाव्लोचा दिवा वीस वर्षांत कधी चुकला नाही, कारण तोही उघडलेला पंजा पाहूनच दिवा टाकायचा. दोघं दारू पिऊन एकमेकांना खरंखुरं मारतही. "स्टेजवर नाही ना मारत, मग ते साठतं," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत हसले.

युद्धात त्यांचं शहर शत्रूच्या हातात गेलं. सैनिक थिएटरमध्ये आले आणि विजयाचा कार्यक्रम बसवा म्हणाले. बाकीचे नट पळाले होते. काका आणि पाव्लो राहिले, कारण पाव्लोला दिवे सोडवेनात. दोघांनी नाही म्हटलं. त्यांना एका सरकारी इमारतीच्या तळघरात नेलं. तिथे पाव्लो मेला आणि काका जिवंत बाहेर आले. आमच्या भागातल्या युक्रेनी लोकांना एवढंच माहीत होतं. चर्चच्या हॉलमध्ये ते दरवर्षी काकांना मंचावर बोलावत, न वाकलेला माणूस म्हणून फुलं देत. पहिल्या रांगेत पाव्लोची मुलगी हालिना बसलेली असे. ती फिलाडेल्फियात एका वृद्धाश्रमात काम करते. ती दरवेळी एकच विचारायची, बाबांना खूप त्रास झाला का? आणि काका दरवेळी सांगायचे, नाही, झोपेत गेला.

हे सगळं मला त्यांनी एका शनिवारी, इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये सांगितलं. मी कोथिंबीर आणायला उतरणार होते. त्यांनी माझ्या बाहीला धरून बसवलं आणि समोर, ट्रॉल्यांच्या रांगेकडे बघत बोलायला लागले. तळघरात रोज मारायचे. पाइपनं, वायरनं, बुटांनी. काकांचे दात तिथेच गेले, डाव्या हाताची दोन नखंही. पाव्लोला दमा होता, तो मार खाताना शिट्टीसारखा वाजायचा आणि सैनिक हसायचे. एका दुपारी त्यांच्यातल्या एकाला कंटाळा आला होता. तो म्हणाला, तुम्ही नाटकवाले ना? मग दाखवा. पाव्लोला जमिनीवर पाडलं आणि काकांना सांगितलं, ह्याला लाथा मार. काकांनी मारल्या, स्टेजवर मारतात तशा. पाय पोटाशी येऊन थांबायचा, पाव्लो गुडघे जवळ घेऊन कण्हायचा, मांडीवर हात आपटून आवाज काढायचा. वीस वर्षं दुसऱ्यांचं पाहून त्याला सगळं येत होतं. सैनिक थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "खोटं आहे. खरं कर, नाहीतर दोघांना गोळी." मग काकांनी खरं केलं. पाव्लो दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत होता.

"कुठल्या लाथेनं गेला ते कुणाला माहीत नाही," ते म्हणाले. "पण त्यातल्या काही माझ्या होत्या. हे हालिनाला सांगायचं आहे. आणि मला ते माझ्या भाषेत बोलता येत नाही. वाक्य तोंडात येतं आणि दातांशी थांबतं. म्हणून तुमच्या भाषेत." मी म्हटलं, तिला मराठी कळणार नाही. ते म्हणाले, लाथ कळते.

अशी ती एकांकिका आली. ते इंग्रजीत सांगत गेले आणि मी मराठीत लिहीत गेले, माझ्या कच्च्या मराठीत. मंडळाच्या मीटिंगमध्ये अर्थातच वाद झाला. वैशाली काकू म्हणाल्या, "अरे, गणपतीचा कार्यक्रम आहे. लोक मोदक खायला येतात, पोरंबाळं असतात, आणि आपण काय तळघर दाखवायचं?" समीर म्हणाला, "काकू, मागच्या वर्षी रावणवध केलाच ना आपण? दहा मुंडकी उडवली तर पोरं टाळ्या वाजवून राहिली होती."  काकूंनी मिनिट्सच्या वहीत लिहिलं, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत बसवावं.

समीर काकांची भूमिका करणार होता. सैनिक स्टेजवर दिसणार नव्हता, त्याचा फक्त आवाज प्रेक्षकांच्या मागून येणार होता आणि तो काका स्वतः देणार होते. जमिनीवर पडून मार खायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तात्पुरती मी पडायचे. लायब्ररीच्या कम्युनिटी रूममध्ये, निळ्या गालिच्यावर. पहिल्या दिवशी समीरनं लाथ घातली. ती बरोबर थांबली, फक्त बुटाचं टोक माझ्या दंडाला किंचित लागलं. त्याबरोबर समीर वाकला, माझ्या दंडाला बोटं लावली आणि ती स्वतःच्या छातीला लावली. त्याला कळलंही नाही. मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. काका मागून ओरडले, थांबा, हे काय? पुन्हा लाथ, पुन्हा तेच. बूट न लागताही तेच. समीर वैतागला. "होत नाही ना काका. पाय लागला की हात जातोच. लहानपणी आज्जीनं फटके देऊन शिकवलंय."

वैशाली काकूंनी काकांना समजावून सांगितलं. कुणाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, लहान मूल असलं तरी, वहीपुस्तक असलं तरी.  काकांनी समीरला पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. सातआठ वेळा तरी झालं असेल. मी खालून त्यांचा चेहरा पाहत होते. ते लाथेकडे बघतच नव्हते. नंतरच्या त्या वाकण्याकडे बघत होते, तहानलेल्या माणसासारखे. एकाएकी ते बाहेर गेले. पार्किंगमधल्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीवर काहीतरी आपटल्याचे आवाज आले, एकामागून एक, खूप. आम्ही कुणीच उठलो नाही. परत आले तेव्हा त्यांच्या बोटांच्या पेरांवरची कातडी सोलली होती आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. काकूंनी पर्समधून बँडएड काढलं, ते त्यांनी घेतलं नाही.

समीर हळूच म्हणाला, "काका, ते ठेवू या ना. लाथ मारतो आणि मग नमस्कार करतो. लोक रडतील."

"हो, रडतील," काका म्हणाले. "मी पण रडेन. म्हणून नको. मी त्याला हात लावला असं तिला दाखवू? मी लाथा मारल्या आणि भिंतीपाशी जाऊन बसलो. त्याच्याकडे पाठ करून."

समीरनं नंतर तीन आठवडे प्रयत्न केला. घरी उशीला लाथा मारायचा आणि उशीला नमस्कार करायचा, असं त्याची बायको सांगायची. शेवटी काकांनी अदलाबदल केली. समीर मागून सैनिकाचा आवाज देणार आणि काका, मराठी वाक्यं पाठ करून, स्वतःची भूमिका स्वतः करणार. पाव्लोची मी. मला त्यांनी विचारलं नाही, मीही काही म्हटलं नाही.

आम्ही दोघांनीच मग बऱ्याच तालमी केल्या. पहिल्याच दिवशी मी शिकवल्याप्रमाणे जमिनीवर पंजा उघडला आणि ते मागे सरकले, भाजल्यासारखे. "पंजा नाही. या नाटकात पंजा नाही. तयार झालीस की डोळे मिट." मी विचारलं, का? मी सहसा कारण विचारत नाही. ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले. सैनिक 'खरं कर' म्हणाला, तेव्हा ते हलले नव्हते. त्या मधल्या काही क्षणांत पाव्लोचा हात जमिनीवर उघडला होता. पंजा वर, बोटं सुटी.

मी म्हटलं, म्हणजे त्यांनी परवानगी दिली. मग ते नाटकात नको का? हालिनाला हेच तर सांगायला पाहिजे.

"किंवा दुखत होतं म्हणून हात उघडला," ते म्हणाले. "तो मरायला आला होता, सुफ्लेर. मरणाऱ्याचे हात उघडतात. मला माहीत नाही. रोज रात्री मी त्याला विचारतो. जे मला माहीत नाही ते मी स्टेजवर कधी ठेवलं नाही. आणि हे ठेवलं तर ती मला माफ करेल... मी फसवून माफी घेतल्यासारखं होईल." त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की हालिनाला हे सांगायचं नाही. ते असेपर्यंत नाही. नंतर तुझं तू बघ, म्हणाले.

प्रयोग एका हायस्कूलच्या सभागृहात झाला, रविवारी सकाळी, आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात. विंगेत उकडीच्या मोदकांचा वास येत होता. हालिना चौथ्या रांगेत कडेला बसली होती. तिच्या हातात काकांनी दारातच एक कागद दिला होता, त्यांच्या भाषेत दोन ओळींचा. काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं. 'उभा असलेला माणूस मी आहे. जमिनीवर तुझे वडील आहेत.'

आधीचा भाग ठरल्यासारखा झाला. खोट्या लाथा झाल्या, मी मांडीवर हात आपटले, कण्हले. मागून समीरचा आवाज आला, "खोटं आहे. खरं कर, नाहीतर दोघांना गोळी." इतकी वर्षं मी त्याला ओळखते, पण तो आवाज मी ओळखला नाही. मी डोळे मिटले, लाथ आली, थांबली. मिटले, आली, थांबली. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटलेच नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होते. खालून ते फार उंच दिसत होते आणि ते मला पाहत नव्हते. ते न्यू जर्सीत नव्हतेच. बूट बरगडीत घुसला. ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला, तो आधी माझ्या कानात नाही, दातांत ऐकू आला. मी किंचाळले. श्वास बाहेर गेला तो परत येईना. आणखी एक लाथ आली, पाठीत. मग ते थांबले. ते माझ्या हाताकडे बघत होते. मीही पाहिलं. माझा हात जमिनीवर उघडा पडला होता, पंजा वर, बोटं सुटी.

ते भिंतीपाशी गेले आणि पाठ करून बसले. नाटक तिथेच संपत होतं. लोकांना वाटलं सगळं अभिनय आहे, टाळ्या सुरू झाल्या. चौथ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

मला डॉक्टरकडे समीरनं नेलं. काका मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले होते. सारखे सॉरी म्हणतील अशी मला भीती वाटत होती, पण ते एकदाही म्हणाले नाहीत. फक्त एक विचारलं.

"तू हात उघडलास?"

"नाही काका," मी म्हटलं. "आपोआप उघडला."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर बघायला लागले. समीरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं, त्याला काही कळलं नाही. मला मात्र लगेच कळलं, मी काय केलं ते. 'हो, मीच उघडला' एवढं म्हणायचं होतं. इंग्रजीत तीन शब्द. मला श्वास घेता येत नव्हता, डोकं चालत नव्हतं, मी खरं सांगून टाकलं. त्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे एक 'किंवा' शिल्लक होता, पाव्लोनं हात स्वतःहून उघडला असेल हा. मार खाणारा मालक असतो, हे त्यांनीच शिकवलं होतं. त्या गाडीत मालक मी होते आणि मी त्यांच्याजवळचं शेवटचं काढून घेतलं.

पुढचे चार महिने त्यांनी एकही तालीम घेतली नाही. काकू बोलवत राहिल्या, काम आहे म्हणायचे. मी दोनदा त्यांच्या खोलीवर गेले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्यासाठी चहा केला आणि बरगडी कशी आहे विचारलं. हालिनाचा फोन आला का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. फोन आला नव्हता, ते दिसतच होतं. चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी जाणं बंद केलं. नंतर तो मंगळवार आला.

अंत्यविधीला हालिना मागे उभी होती आणि लवकर गेली. दोन आठवड्यांनी तिचाच फोन आला. घरमालकाला खोली रिकामी हवी होती आणि काकांच्या कागदांत तिचा आणि माझा असे दोनच नंबर होते. आम्ही एका रविवारी दुपारी तिथे भेटलो. एक पलंग, एक टेबल, भिंतीशी सहा जोड बूट ओळीनं लावलेले, आणि जमीन... भाड्याच्या खोलीची जमीन त्यांनी स्वतः घासून इतकी चकचकीत केली होती की खिडकी तिच्यात पूर्ण दिसत होती. आम्ही खोक्यांत कपडे भरायला लागलो. मग ती एकदम बोलायला लागली. त्या दिवशी ती निघून गेली नव्हती. बाहेर पार्किंगमध्ये जाऊन तिला उलटी झाली. मग ती तासभर गाडीत बसली आणि त्यांच्याशी बोलायचं ठरवून परत आत आली. तेव्हा जेवणाच्या पंगती चालू होत्या आणि ते नव्हते. तिला वाटलं, तिच्यासमोर यायला नको म्हणून पळून गेले. मी सांगितलं, ते माझ्याबरोबर डॉक्टरकडे होते. तिनं हातातला शर्ट खाली ठेवला. "लाथ खरी होती?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

काका गेल्यावर वचनाची मुदत संपली होती. तरी मला सुरुवात करता येईना. मी भिंतीकडे बघत बोलले. सैनिक काय म्हणाला, त्यानंतरचे क्षण, तिच्या वडिलांचा उघडलेला हात. थिएटरमध्ये त्याचा अर्थ काय, हे तिला सांगावं लागलं नाही, ती त्याच थिएटरच्या विंगेत लहानाची मोठी झालेली. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी यायला लागलं, आणि मी तिथेच थांबले असते तर ते तसंच राहिलं असतं. मी उरलेलंही सांगितलं. हात दुखण्यानंही उघडतो, माझा उघडला, मी उघडला नव्हता. काकांना हे माहीत होतं. मीच त्यांना सांगितलं होतं.

हालिना म्हणाली, "दाखव."

मी त्या जमिनीवर कुशीवर पडले. बरगडीतून कळ गेली. ती उठली आणि जिथे काका उभे राहायचे त्या अंतरावर, कुणी न सांगता, बरोबर उभी राहिली. मी एकदा हात मुद्दाम उघडला. मग आवळला आणि सगळं अंग सैल सोडलं, तेव्हा तो आपला आपण उघडला. ती म्हणाली, पुन्हा कर, कुठला कुठला ते सांगू नकोस. मी करत राहिले. कधी मुद्दाम, कधी सोडून देऊन. खालून तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, मागे खिडकीचा उजेड होता. ती दर वेळी मनाशी ओळखत असावी, कारण दोनदा तिचे ओठ हलले.

"इथून कळत नाही," ती शेवटी म्हणाली. मग पुन्हा, हळू, "इथे उभं राहिलं की नाहीच कळत."

ती त्या जागेवरून हलली नाही. मीही उठले नाही.